अक्षरं तोडून वारसा मिरवता?

दुबईत जाहिरातीच्या धंद्यात मी अकरा वर्षं काढली. त्यातल्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून जे घडलं, तिथूनच सुरुवात करतो. रमझान तोंडावर आला होता. एका दुकानसाखळीचं काम आमच्या एजन्सीकडे होतं. इंग्रजी मजकूर मी तीन दिवस घासूनपुसून मांडला. अरबी मजकूर ईमेलने आला, तो उचलून मी फाइलमध्ये चिकटवला. त्या सॉफ्टवेअरला अरबी कळत नव्हती आणि मलाही नव्हती. ‘रमझान करीम’ ही दोन शब्दांची शुभेच्छा, पण तिचं अक्षर न अक्षर शेजाऱ्यापासून तुटलं आणि ओळ उजवीकडून डावीकडे जायची ती उलटी धावली. मराठी वाचकाला कळावं म्हणून सांगतो, ‘दीपावली’च्या जागी कुणी ‘ी ल व ा प ी द’ असं पुरुषभर उंचीच्या सोनेरी अक्षरांत छापावं, तसं ते होतं.

कामाला मंजुरी देणाऱ्या एकालाही ते दिसलं नाही. फलक छापून आले. ते गाडीत भरताना आमचा इजिप्शियन ड्रायव्हर थबकला, एक फलक भिंतीला टेकवून लांबून बघितला आणि मला विचारलं, “हे कुणी वाचलं होतं का?” कुणीच वाचलं नव्हतं. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, आता वेळ नाही, लोक चित्र बघतात. फलक तसेच लागले आणि महिनाभर राहिले. ज्यांची भाषा, ज्यांचा सण, ज्यांचा देश, ते रोज त्याखालून गेले.

त्या एजन्सीत पुढच्या आठवड्यात नव्या गिऱ्हाइकासमोर जे सादरीकरण झालं, त्याच्या पहिल्या पानावर शब्द होते ‘अरबी सांस्कृतिक वारशातून प्रेरित’.

हे वाक्य मी तेव्हापासून शेकडो वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी त्याच्या पोटात तोच ऐवज निघाला आहे. विकत घेतलेली आठ टोकांची चांदणी, एक कमान, एक कंदील, वाळूचा रंग, जमलं तर उंट. मोरोक्कोच्या फेस शहरातल्या झलीज फरशीतली नक्षी, इराणचं नस्तालीक वळण आणि उस्मानी दरबारातली दीवानी लिपी एकाच पानावर कोंबायची आणि सगळ्याला ‘अरबी’ म्हणायचं. त्याहून वाईट म्हणजे इंग्रजी अक्षरांना शेपट्या लावून, वर ठिपके टाकून ती अरबी भासवायची. मुंबईत शोरम्याच्या निम्म्या दुकानांवर हीच अक्षरं आहेत. परदेशातल्या योगवर्गांच्या पाटीवर शिरोरेषेला टांगलेली रोमन अक्षरं पाहिली की आपण चिडतो, आणि ते चिडणं रास्तच आहे. मग दुसऱ्याच्या लिपीची तीच विटंबना करताना आपला हात का अडखळत नाही?

यातून पैसे मिळतात, पुरस्कारही मिळतात, म्हणून हे चालतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे. अरबी लिपीचा वारसा तिच्या मापात आहे, तिच्या जोडणीत आहे. ते माप न शिकता तिची नक्षी उचलणं ही चोरी आहे, आणि चोरीचा माल धड वापरताही येत नाही हे त्या फलकांनी दाखवून दिलं.

माप म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. फलकांच्या त्या प्रकारानंतर मी शारजात एका वृद्ध इराकी खत्तातांकडे जाऊ लागलो. खत्तात म्हणजे सुलेखनकार. पहिल्या दिवशी त्यांनी मला अक्षर लिहू दिलं नाही. बोरू तासायला बसवलं. आपल्याकडे मोडी लिहायला वापरायचे तोच बोरू. त्याची जीभ हाडाच्या छोट्या पट्टीवर ठेवून एका दाबात तिरकी कापायची. ‘टक्’ असा आवाज आला तर काप बरोबर, चुरचुर झाली तर बोरू पुन्हा तासायचा. दौतीत रेशमाच्या धाग्यांचा बोळा असतो, म्हणजे बोरूला शाई बेताने लागते. मग नुक्ता. बोरू कागदावर टेकवून जिभेच्या रुंदीइतका ओढला की तिरका चौकोन उमटतो. तो नुक्ता म्हणजे या लिपीची फूटपट्टी. नस्ख वळणात अलिफ साधारण पाच नुक्त्यांचा, सुलुसमध्ये सात. ‘बे’ची पसरट वाटी किती नुक्ते रुंद, ‘नून’चं पोट किती खोल, सगळं त्या एका ठिपक्याने मोजायचं. मी ओळ लिहायचो, उस्ताद तांबड्या शाईने माझ्या अक्षराशेजारी नुक्ते मांडायचे. एकही शब्द न बोलता चूक दिसायची. चार महिने मी फक्त ‘बे’ लिहिला.

हे माप बांधलं ते बगदादच्या इब्न मुक्लाने, दहाव्या शतकात. तीन अब्बासी खलिफांचा तो वजीर होता. राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि 940 साली तो कैदेत मेला. त्याच्या पद्धतीला इब्न अल-बव्वाबने लालित्य दिलं. त्याने इसवी सन 1000च्या सुमारास बगदादेत लिहिलेली कुराणाची प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. पुढे याकूत अल-मुस्तासिमीने बोरूचा काप अधिक तिरका केला आणि अक्षराला धार आली. या माणसांनी हजार वर्षांपूर्वीपासून जे केलं त्याला आज आपण ग्रिड म्हणतो, प्रमाण म्हणतो, आणि ते युरोपातून आलं असं कॉलेजात शिकवतो. मीही मुंबईच्या कलाशाळेत पाच वर्षं शिकलो. स्विस टायपोग्राफी घोटून घेतली. इब्न मुक्लाचं नावही कुणी घेतलं नाही. आणि ज्या भाषेत आपण शिकलो तिच्यात कलम, दौत आणि कित्ता हे शब्दच मुळी अरबीतून आलेले आहेत!

मग ही लिपी आजच्या कामात इतकी विद्रूप का दिसते? यावर ठरलेलं उत्तर येतं की अरबी ‘अवघड’ आहे. हे उत्तर मला मान्य नाही. अठ्ठावीस अक्षरं, बहुतेकांची चार रूपं: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. सहा अक्षरं पुढच्याला जोडून घेत नाहीत. इतकंच. 1820 साली सुरू झालेल्या कैरोच्या बुलाक छापखान्याने शिशाचे शेकडो खिळे पाडून हे सांभाळलं आणि त्याची पानं आजही डोळ्यांना निववतात. बिघाड झाला तो ओळी ओतणारी यंत्रं आणि टंकयंत्रं आली तेव्हा. ती रोमन अक्षरांसाठी घडवलेली. चार रूपांना त्यांच्यात जागा नव्हती. यंत्र बदलण्याऐवजी लिपी छाटायची ठरली. 1950च्या दशकाच्या अखेरीस बैरुतचे संपादक कामिल मुरुव्वा यांच्यासह लायनोटाइप या यंत्रकंपनीने ‘सरल अरबी’ काढली आणि चार रूपांची दोनवर बोळवण केली. वर्तमानपत्र झटपट निघू लागलं, हा फायदा खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण पडतं कुणी घ्यायचं, हे तेव्हा ठरलं ते ठरलंच. यंत्राची त्रुटी लिपीच्या माथी मारण्यात आली. आपणही हे भोगलं आहे. सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अि’, ‘अु’ची बाराखडी जुन्या मराठी अंकांत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हा दबाव समजावून सांगावा लागणार नाही.

ती सबब आता संपली आहे. डच भाषातज्ज्ञ थॉमस मिलो आणि त्यांच्या डेकोटाइपने अक्षर खिळ्यांसारखं न मांडता हाताच्या वळणासारखं जोडणारी यंत्रणा कधीच उभी केली. इजिप्तच्या खालेद होस्नी यांनी बुलाकच्या नस्ख खिळ्यांवरून ‘अमिरी’ हा फॉण्ट केला आणि तो फुकट दिला. फुकट! ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. असं असताना शब्द ताणायचा म्हणून ‘कशिदे’च्या, म्हणजे अक्षर वळणाने लांबवण्याच्या, जागी दोन अक्षरांच्या मध्ये सपाट पट्टी ठोकणारा, इंग्रजी मथळ्यासारखी अरबी अक्षरं विरळ करून त्यांचे सांधे उखडणारा डिझायनर अज्ञानी म्हणून सुटू शकत नाही. तो आळशी आहे, आणि या आळसाचे तो पैसे घेतो.

ही बेपर्वाई फक्त जाहिरातीतच नाही. 2015 साली ‘होमलँड’ या अमेरिकी मालिकेने बर्लिनजवळ सीरियन निर्वासितांच्या छावणीचा देखावा उभारला. छावणी खरी वाटावी म्हणून भिंतींवर अरबी लिहायला तीन कलावंत बोलावले. मालिकेतल्या अरबांच्या चित्रणाचा त्यांना संताप होता. त्यांनी भिंतीवर लिहिलं, ‘होमलँड वंशवादी आहे’. कॅमेऱ्याने ते टिपलं, संकलकाने ते ठेवलं आणि भाग प्रसारित झाला. एवढ्या मोठ्या निर्मितीत ते वाचणारा एक माणूस नव्हता, आणि वाचून घ्यावं असं कुणाला वाटलंही नाही. त्यांच्या लेखी ती अक्षरं म्हणजे भिंतीवरची ओल होती. आमच्या एजन्सीतही नेमकं हेच झालं. फरक इतकाच की बर्लिनला लिहिणाऱ्यांना आपण काय लिहितोय ते माहीत होतं.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही माझं भांडण आहे. हे लोक म्हणतात, सुलेखन पवित्र आहे, त्याला रस्त्यावर आणू नका, फॉण्टबिण्ट करू नका. 2021 साली सोळा अरब देशांनी मिळून अरबी सुलेखनाची युनेस्कोच्या यादीत नोंद करून घेतली, त्याचा मला आनंद आहे. पण संग्रहालयाच्या काचेआड गेलेली लिपी पाटीवर, तिकिटावर, औषधाच्या खोक्यावर कुणी नीट लिहायची? लेबनॉनच्या नदीन शाहीन यांनी फ्रुटिगर या रोमन टाइपाचं अरबी भावंड केलं. ते माझ्या उस्तादांना मुळीच आवडलं नव्हतं. मला ते पटतं, कारण लांबून, घाईत, विमानतळावर वाचायचं अक्षर त्यांनी अरबीच्या सांध्यांचा मान राखून घडवलं. नवं करायला माझी ना नाही. न शिकता नवं करणाऱ्यांना आहे.

शिकून नवं केलेलं काय असतं, ते पाहायचं असेल तर कलावंत बहिया शहाब यांचं काम पाहा. 2010 साली म्युनिकच्या एका प्रदर्शनासाठी त्यांना बोलावणं आलं. अट एकच, अरबी लिपी वापरायची. त्यांनी एकच शब्द निवडला, ‘ला’. नाही. लाम आणि अलिफ, दोन अक्षरांची एक गाठ. अरबीत ‘नाही, आणि हजार वेळा नाही’ असं म्हणतात, म्हणून त्यांनी या गाठीची हजार रूपं गोळा केली. मशिदींवरून, थडग्यांवरून, भांड्यांवरून, कापडांवरून, अनेक शतकांतली, अनेक देशांतली. प्रत्येक रूप कुठलं, कधीचं, कशावरचं, याची नोंद केली. ही खरी मेहनत. पुढे 2011 साली कैरोत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा ती रूपं स्टेन्सिल होऊन भिंतींवर आली. लष्करी राजवटीला नाही. हिंसेला नाही. शतकांपूर्वी कुणा कारागिराने कोरलेलं वळण रणगाड्यांच्या शहरात पुन्हा बोलू लागलं. वारसा वापरणं म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी त्या हजार रूपांकडे बोट दाखवतो.

आणि मोहिएद्दीन एल्लब्बाद. कैरोचा हा चित्रकार-मांडणीकार आयुष्यभर आपल्या लोकांना सांगत राहिला की आधी आपली गल्ली बघा, हातगाड्यांवरची रंगीत अक्षरं बघा, शाळेच्या वह्यांची मुखपृष्ठं बघा. त्याची ‘नजर’ ही पुस्तकमालिका याच बघण्याची आहे. 2010 साली तो गेला. त्याचं नाव न ऐकलेले कितीतरी डिझायनर आज अरब देशांत ‘अरबी ब्रँडिंग’ करतात आणि त्याला वारशाचं नाव देतात. याची लाज वाटायला हवी.

मी दुबईहून परत आलो तेव्हा महाराष्ट्रात मराठी पाट्यांची सक्ती कडक झाली होती. रातोरात पाट्या बदलल्या. इंग्रजी नाव जसंच्या तसं देवनागरीत, जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलत्या अक्षरावर बसलेल्या. दुबईतही दुकानाच्या पाटीवर अरबी लागतेच आणि तिथेही ती अशीच, कायद्यापुरती, इंग्रजीच्या पायाशी बसवलेली असते. त्या पाट्यांखाली उभं राहून मला त्या ड्रायव्हरचा चेहरा आठवला. आपली अक्षरं मोडलेली पाहून माणसाचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक होतं.

म्हणून माझ्या धंद्यातल्या लोकांना माझी विनंती आहे. मुंबईत आणि पुण्यात बसून आखाती देशांची कामं घेणारे आता खूप आहेत, त्यांना तर हात जोडून आहे. अरबी वाचणारा माणूस पहिल्या दिवसापासून कामात घ्या. शेवटच्या रात्री ‘जरा बघून दे’ म्हणून त्याला फोन करू नका. अक्षर काढणाऱ्याला पैसे द्या आणि त्याचं नाव द्या. चांदणी आणि कंदील काढून टाकल्यावर तुमच्या कामात अरबी काय उरतं, ते स्वतःला विचारा. काहीच उरत नसेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा आणि काम परत करा.