कॅम्बर बोल्ट विकण्यापूर्वी

खड्ड्यात आपटलेली मोटार गॅरेजात येते. टायर आतून झिजलेला, मशीनवर कॅम्बर चुकलेला. मॅकफर्सन स्ट्रटच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकांचा कॅम्बर जुळवण्याची मूळ सोयच नसते. मग गिऱ्हाइकाला बाहेरचा कॅम्बर बोल्ट सुचवला जातो. माल वाईट नाही. पण लोअर आर्म वाकलाय का, बॉल जॉइंट सैल आहे का, हे आधी पाहिले का? न पाहता बोल्ट बसवणे म्हणजे दोष झाकणे होय.

हा बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून त्याचे पोलाद अधिक कणखर लागते. माथ्यावर १०.९ किंवा १२.९ असा ताकदीचा आकडा नसेल, तर दुकानदार बांधवांनी तो माल ठेवूच नये. मिस्त्रींनी तो अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावा. कॅम्बर हलला की टोही हलतो. तोही पुन्हा जुळवावा.

बोल्ट सरकला तर धावत्या गाडीचे चाक कलते, आणि आत कोणाची तरी मुलेबाळे असतात. पक्के बिल द्या, काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती ठेवा. धंद्याची पत अशानेच टिकते.