आजींची सही आणि चाळीस टक्के

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे



येरवड्याहून पत्र लिहायचं म्हणजे जरा दडपण येतं. १९३० साली गांधीजी इथल्या तुरुंगातून दर मंगळवारी आश्रमातल्या लोकांना व्रतांवर पत्रं लिहीत. १९३२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांना उपोषणाची सूचना गेली तीही इथूनच. माझं पत्र त्या मानाने फारच किरकोळ विषयावर आहे. ते एका पानाच्या अर्जाबद्दल आहे, पीटी-३ नावाच्या.

आधी माझी ओळख. मी बँकेत कारकून होतो, आता निवृत्त आहे. जेल रोडच्या आतल्या एका गल्लीत राहतो आणि रविवारी सकाळी ओट्यावर बसून शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांचे अर्ज भरून देतो. समाजसेवा वगैरे म्हणू नका. बँकेत असताना काउंटरपलीकडून हेच करायचो, ती सवय सुटली नाही, इतकंच.

२०२३ च्या नोव्हेंबरात गल्लीतल्या एक आजी मिळकतकराचं बिल घेऊन आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. दोन खोल्यांचं घर. दिराशी वाटणी झाली आणि २०२० साली त्यांच्या दोन खोल्यांची वेगळी आकारणी झाली, आजोबांच्या नावाने. पुढच्याच वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत आजोबा गेले. आजींना आजोबांच्या कंपनीमुळे मिळतं ते ईपीएसचं, म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचं, विधवा निवृत्तिवेतन, महिना एक हजार रुपये. ही किमान रक्कम केंद्राने २०१४ साली ठरवली आणि ती अजून तिथेच उभी आहे. मुलगा वाघोलीला असतो, तो अधूनमधून काही देतो.

आजींचा प्रश्न साधा होता. दिराच्या खोल्या तेवढ्याच, भिंतीला भिंत लागून, मग त्याचं बिल कमी आणि माझं जास्त का?

कारण आपल्याला ठाऊक आहे, पण हे पत्र खुलं आहे म्हणून सांगतो. स्वतः राहत असलेल्या घराला वार्षिक करपात्र रकमेत चाळीस टक्के सवलत, हा पुण्याचा १९७० पासूनचा रिवाज. पुढे लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आला आणि राज्य सरकारने सवलतीचा तो ठरावच मोडीत काढला. जुन्या मिळकतींपैकी अनेकांची सवलत चालू राहिली, पण १ एप्रिल २०१९ नंतर नव्याने आकारणी झालेल्यांना ती लागलीच नाही. सर्वेक्षणात हजारो जणांची गेली. शहरभर ओरड झाल्यावर २०२३ मध्ये सरकारने ती पुन्हा दिली. दीर जुन्या नोंदीतला, आजी नव्या नोंदीतल्या. भिंत एकच, मधून २०१९ साल गेलेलं.

ढोबळ हिशेब केला तर सवलतीसह ज्या घराला तीन हजार रुपये येतात, त्याला सवलतीविना पाच हजार येतात. वरचे दोन हजार म्हणजे आजींचं दोन महिन्यांचं निवृत्तिवेतन. आणि भरले नाहीत तर दरमहा दोन टक्के शास्ती, वर्षाला चोवीस. बँक ज्येष्ठांना ठेवीवर जे व्याज देते त्याच्या तिपटीच्या आसपास जातं हे.

सवलत परत आली, पण आपोआप नाही. पीटी-३ अर्ज भरायचा, पंचवीस रुपये शुल्क द्यायचं आणि आपण इथेच राहतो याचे पुरावे जोडायचे: सोसायटीचं ना-हरकत पत्र, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस कार्ड, रेशनकार्ड. पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही. मुदत १५ नोव्हेंबर, नंतर ती ३० पर्यंत वाढली.

आजींचे पुरावे आम्ही ओट्यावर मांडले. सोसायटी नाहीच, तेव्हा तिचं पत्र कुठून येणार? पासपोर्ट आणि वाहन परवाना या दोन शब्दांवर आजी मनापासून हसल्या. गॅस मुलाच्या नावावर. विजेचा मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन तीस वर्षं झाली. मतदार ओळखपत्र होतं, पण त्यावर घराचा जुना क्रमांक. रेशनकार्ड मात्र खणखणीत होतं, चार पिढ्यांच्या तेलाच्या बोटांचे ठसे असलेलं. त्या एका रेशनकार्डावर आमचं निभावलं. अर्ज मुदतीत गेला, आजींचं काम झालं. तक्रार करायला म्हणून मी हे लिहीत नाही. आजींना ओटा सापडला. ज्यांना सापडला नाही त्यांचं काय झालं, हे मला त्या नोव्हेंबरपासून सतावतं आहे.

गाडीतळापासून नागपूर चाळीपर्यंत, लक्ष्मीनगरात, हाउसिंग बोर्डाच्या जुन्या घरांत एकेकटी म्हातारी माणसं किती आहेत ते आपल्या आरोग्य खात्याच्या सेविका तोंडपाठ सांगतील. त्यांच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. मोबाइल असतो, तो नातवाने दिलेला, आणि त्यावर फक्त फोन घेता येतो. मुदत कळते ती संपल्यावर. वेळेत कळलीच तर नाक्यावर पंचवीस रुपयांच्या अर्जाचे पाचशे मागणारा कोणीतरी भेटतो. मी त्या माणसालाही फार दोष देत नाही. आपण जी पायरी बांधतो, तिच्यावर कोणीतरी बसणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे: ही सवलत मागणाऱ्याला मिळते, राहणाऱ्याला नाही. आणि गरीब म्हातारपणाचा पहिला गुण असा की माणूस मागायचं सोडून देतो.

बँकेतली एक गोष्ट सांगतो. आयकर खात्याला कोणी मायाळू म्हणणार नाही. पण त्या खात्याचा १५-एच नावाचा एक अर्ज आम्ही वर्षानुवर्षं घेत होतो. साठीच्या पुढच्या माणसाने एप्रिलमध्ये येऊन सही करायची की या वर्षी माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही, व्याजातून कापू नका. पुरावा नाही, दाखला नाही, साक्षीदार नाही. माणसाच्या शब्दावर काम. खोटं बोलला तर नंतर पकडायची सोय कायद्यात आहे, आधीच चोर समजायची पद्धत नाही.

तरीही तो अर्ज दरवर्षी द्यावा लागतो आणि म्हातारी माणसं दरवर्षी विसरतात. पॅन असेल तर दहा टक्के कापले जातात, नसेल तर वीस. मग विवरणपत्र भरा, परतावा मागा, बँक खातं जोडा. मी काउंटरवर असताना एका निवृत्त शिपायाचे आठशे रुपये परत मिळवायला त्याच्या तीन खेपा झाल्या होत्या. चौथ्या वेळी तो म्हणाला, राहू द्या साहेब, सरकारला कामी येतील.

आता यातली खरी गंमत पाहा. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावरची कापणीची मर्यादा पन्नास हजारांवरून एक लाखावर गेली. म्हणजे एका बँकेत वर्षाला लाखाच्या आत व्याज असणाऱ्याला तिथली कापणी टाळायला १५-एच द्यायचीच गरज उरली नाही. अर्ज सोपा केला नाही, मोठ्या अक्षरांत छापला नाही, ऑनलाइन नेला नाही. अर्जाचं कारणच काढून टाकलं. शिपाईबुवा असते तर त्यांना काहीच करावं लागलं नसतं. आठशे रुपये मुकाट्याने त्यांच्या पासबुकात राहिले असते.

महापालिकेला हे जमण्यासारखं आहे. राज्यात भाड्याने दिलेल्या घराचा करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे घर भाड्याने दिल्याचा कागद सरकारदरबारी असतो, किंवा असायला हवा. स्वतःच्या घरात राहण्याचा मात्र कसलाच करार नसतो. मग आजींनी आपण आपल्याच घरात राहतो हे पासपोर्टाने का सिद्ध करायचं? भाडेकरार नाही, मालकाच्या नावावर शहरात दुसरी मिळकत नाही, तर तो स्वतः राहतो असं धरून चालावं आणि सवलत बिलातच छापून यावी. नोंदणी न करता भाडं खाणारे निसटतील, मान्य. ते आजही निसटतात, आणि त्यांना अर्ज भरून द्यायला माणसं असतात.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. आजोबांच्या मृत्यूचा दाखला महापालिकेने दिला. मिळकतकराचं बिलही महापालिकाच देते, आणि ते आजोबांच्या नावाने येत राहिलं. वारसाने नावबदलाचा अर्ज केल्याशिवाय नोंद बदलत नाही हा नियम आहे, आणि मालमत्तेच्या बाबतीत तो हवाच, नाहीतर भाऊबंदकीला ऊत येईल. पण नाव बदलणं वेगळं आणि माहिती असणं वेगळं. एका खात्यात मृत्यूची नोंद झाली की दुसऱ्या खात्याने त्या पत्त्यावर एक माणूस पाठवावा: आता घरात कोण आहे, वय काय, सवलत लागली आहे का, नावबदलाचा अर्ज हवा का. असं विचारणं म्हणजे नावबदल नव्हे, त्याला विचारपूस म्हणता येईल. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात बाईच्या दारात जे कागद येतात ते सगळे मागणारे असतात. एखादा देणारा आला तर बिघडणार नाही.

आपल्या मिळकतकर खात्यात पेठ निरीक्षक हे पद आहे. या शब्दातच माणूस पेठेत फिरणारा आहे, टेबलाशी बसणारा नाही. २०२३ साली अर्ज क्षेत्रीय कार्यालयांबरोबरच त्यांच्याकडेही देता येत होते, हे चांगलंच केलं होतं. फक्त आमच्यासारख्या वस्त्यांत उलट व्हायला हवं, अर्ज घेऊन त्यांनीच दारात यावं. सत्तरीपुढच्यांकडून नुसती सही घ्यावी, १५-एचसारखी. राज्य सरकारने २०१५ मध्येच स्वयंघोषणेला मान्यता दिली आहे, तेव्हा नियम आडवा येऊ नये.

आणि हप्त्यांचं सांगायचं राहिलं. ज्यांनी २०१९ ते २०२३ या चार वर्षांत सवलतीविना पूर्ण कर भरला होता, त्यांची जादा रक्कम पुढच्या बिलांतून चार समान वार्षिक हप्त्यांत वळती करायचं ठरलं. हिशेबाच्या दृष्टीने यात वावगं काही नाही. पण ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला चौथा हप्ता शहाऐंशीव्या वर्षी मिळेल असं सांगताना ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा चाळिशीतला फ्लॅटधारक होता. ज्येष्ठांचं येणं पुढच्या एकाच बिलातून वळतं व्हावं.

पैसे कुठून आणायचे, असं कोणी विचारेल. मुंबईने २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करच माफ करून घेतला, पुण्याकडे मी तेवढंही मागितलेलं नाही. ऑक्टोबर २०२० च्या अभय योजनेत पन्नास लाखांपर्यंतच्या थकबाकीदारांना शास्तीतली ऐंशी टक्के रक्कम माफ झाली होती. पन्नास लाख थकवणाऱ्याला अभय मागायला रांगेत उभं राहावं लागलं असेल असं वाटत नाही. आमच्या आजी मात्र उसने घेऊन का होईना, ३१ मेच्या आत बिल भरतात, कारण तोवर भरलं की सर्वसाधारण करात दहा टक्के सूट मिळते हे त्यांना कोणीतरी एकदा सांगितलं आणि त्यांनी ते लक्षात ठेवलं. सांगितलं की लक्षात राहतं, हे यातून आपल्याही लक्षात यावं.

नव्या आकारण्या होतच राहतील. वाटण्या होतील, माणसं जातील, बिलांवरची नावं मागे राहतील. तेव्हा पीटी-३ हा एकदाचा संपलेला विषय समजू नये, ही विनंती.

रविवारी नऊ ते बारा मी ओट्यावर असतो. पेठ निरीक्षकांना एकदा पाठवून द्या. जास्तीची खुर्ची आहे, आणि आजी चहा घेतल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत.

आपला,
येरवड्यातला एक निवृत्त बँक कर्मचारी
पुणे ६