कारभारी आणि कारभारीण

आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाची ओळख तुम्हाला झालीच असेल. उत्तरपत्रिकांतून या ग्रंथाविषयी बहुधा एकच वाक्य लिहिले जाते : प्रांजळ निवेदन, घरगुती भाषा आणि निर्मळ विनोद. हे चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. माझ्या मते, धर्माने सांगितलेली जबाबदारी रोजच्या संसारात पार पाडायची म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचा इतका सखोल शोध मराठीत फार थोड्या ग्रंथांनी घेतला आहे. या दृष्टीने तो वाचायचा, तर साताऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. पुढे अनेक वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. 'ज्ञानोदया'साठी लेखन, कीर्तने, भजने, 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचा आरंभ हे सारे त्या काळातले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. 1917 साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही या दरबारात जागा होती. ख्रिस्ती समाजाने परक्या मिशनच्या आधाराने जगू नये आणि आपल्या देशबांधवांपासून तुटू नये, ही त्यामागची तळमळ होती. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. म्हणजे दरबाराला त्यांची जेमतेम दोन वर्षे लाभली.

हा त्याग मोठाच होता. पण जरा थांबून विचार करा. पगार सुटला तो एकट्या टिळकांचा नव्हे, साऱ्या घराचा. मराठी बायबलमध्ये माणसाला 'कारभारी' म्हटलेले आढळते. जे काही हाती आहे ते धन्याचे आहे, आपण त्याचा हिशेब द्यायचा आहे, असा त्या शब्दाचा आशय आहे. तुमच्यापैकी सातारा-सांगलीकडच्यांना हा शब्द निराळ्याच अर्थाने परिचयाचा आहे. आपल्याकडे बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणते आणि घरचा खरा हिशेब मात्र बहुधा कारभारणीच्या डोक्यात असतो. टिळकांच्या घरी नेमके हेच होते. टिळक हातचे देऊन मोकळे होत, वाटेल त्या गरजूला घरी आणीत; आणि आलेल्या माणसाच्या पानात काय वाढायचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा असे. त्या रागावत, टोमणे मारीत, कधी रडत, आणि चूल पेटवीत. आपण या प्रसंगांना हसतो. हसावे जरूर, पण त्या हसण्याखाली एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, तोही पाहावा : माझ्या औदार्याची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर ते औदार्य कितपत माझे?

टिळकांना कमी लेखण्याचा यात हेतू नाही. ध्येयाने झपाटलेली माणसे नसती तर 'देवाचा दरबार' निघालाच नसता. तथापि ख्रिस्ती जबाबदारीचे रोजचे रूप शोधायचे झाले, तर मी टिळकांच्या संन्यस्त वृत्तीपेक्षा लक्ष्मीबाईंच्या कुरकुरत्या स्वयंपाकघराकडे आधी वळेन. या बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पतीनंतर पाच वर्षांनी, 1900 साली, आणि तोही पतीच्या पाठोपाठ फरफटत जाऊन नव्हे. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले, आणि बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांनी शिवाशिव सोडून दिली. सोवळ्यात वाढलेल्या स्त्रीने कोणाच्याही हातचे पाणी पिणे, ही त्या काळी मान्य करून टाकण्याजोगी मोठी तात्त्विक गोष्ट नव्हती; ती घशाखाली उतरवण्याची गोष्ट होती. टिळकांच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरे केले. ज्या बाईला लिहिणे-वाचणे लग्नानंतर आले, तिने हे करावे! कारभारीपणाचा हिशेब यापेक्षा चोख कोणी दिला असेल, असे मला वाटत नाही.

आता साताऱ्याहून मिरजेकडे येऊ. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनेडियन डॉक्टर 1889 साली भारतात आले. आरंभी त्यांनी सांगलीत काम केले आणि 1894 साली मिरजेत रुग्णालय उघडले. तेथे तरुणांना वैद्यकीय शिक्षणही मिळू लागले. मिरजेला पुढे आरोग्यनगरी म्हणून जो लौकिक मिळाला, त्याची पायाभरणी येथे झाली. सांगली-मिरज मार्गावरून जाताना तुम्ही 'वानलेसवाडी' हे नाव कितीदा घेतले असेल. ते क्षयरोग्यांच्या आरोग्यधामामुळे रूढ झालेले आहे. ज्या रोग्याला आपलेच नातलग दूर ठेवीत, त्याच्यासाठी एक वाडी वसली, आणि परदेशी आडनावाला 'वाडी' हा आपला प्रत्यय लागला. शब्दांच्या अभ्यासकाला याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळणे योग्य नाही. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, मग या सेवेला निरपेक्ष कसे म्हणावे? हेतू होता, हे उघड आहे. मिशननेही तो लपवला नव्हता. परंतु मोतीबिंदू काढून घेऊन गावी परतलेल्या शेतकऱ्याची दृष्टी काही हेतूवर अवलंबून नव्हती. माझ्या मते सेवेची पारख सेवा घेणाऱ्याच्या अनुभवावरून व्हावी. हेतूची चर्चा स्वतंत्रपणे जरूर करावी. हाच निकष ख्रिस्ती समाजालाही लावला पाहिजे. चर्चमध्ये एका बाकावर बसणारी माणसे सोयरीक जुळवताना जात पाहत असतील, तर तेथे बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा काही उपयोग नाही.

मराठीत 'शेजारधर्म' हा फार सुंदर शब्द आहे. मात्र आपला शेजारधर्म बहुधा भिंतीला भिंत लागलेल्या घरापुरता असतो : विरजण, वाटीभर साखर, अडीनडीला रात्रीची सोबत. येशूने चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला तो 'माझा शेजारी कोण' या प्रश्नाच्या उत्तरादाखल. त्यात जखमी माणसाजवळ थांबतो तो नात्याचा नव्हे, जातीचा तर नव्हेच. उलट ज्याच्याशी व्यवहार ठेवायचा नाही अशा समाजातला. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, नोकरी, शेती आणि मुलांच्या शाळा सांभाळून ही पुस्तिका वाचणाऱ्या तुमच्यापुढे हा प्रश्न दररोज येतोच. ऊसतोडीला आलेल्या टोळीतले आजारी मूल आपल्या शेजारात मोडते का? कार्यालयात खेटे घालणारी अडाणी म्हातारी? घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा कप अजून वेगळा ठेवलेला आहे का?

या घटकाचा स्वाध्याय लिहिण्यापूर्वी 'स्मृतिचित्रे' पुन्हा एकदा हाती घ्या. या वेळी विनोदाची स्थळे शोधू नका. जेथे टिळकांनी कोणाला तरी घरी आणले आहे, तेथे खूण करा आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात काय घडले, एवढेच टिपून ठेवा.