भिवंडीच्या मुलींना हवे आहे ते मार्गदर्शन

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट दूरवर ऐकू जातो. मागांसाठी कांड्या भरणाऱ्या, घरी बसून धागे कापणाऱ्या स्त्रियांचे श्रम मात्र कोणाच्याच हिशेबात नसतात. अशा घरांतील मुली आज शहराभोवतीच्या गोदामांत कंत्राटदाराच्या हाताखाली पार्सले भरू लागल्या आहेत. या मुलींना मार्गदर्शन करावे, त्यांच्यात आत्मविश्वास जागवावा, असे स्वयंसेवी संस्था सांगतात. हेतू स्तुत्यच आहे. प्रश्न असा की, हे मार्गदर्शन कोणत्या वाटेने नेणारे असावे?

प्रेमाताई पुरव यांचे आयुष्य हे या प्रश्नाचे उत्तर आहे. उमेदीच्या वयात त्या गोवा मुक्तिसंग्रामात उतरल्या, पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आल्या. गिरणी कामगाराचा लढा लढणाऱ्या संघटनेला त्याच्या ताटात भाकरी वाढणारी खानावळवाली दिसत नव्हती; ती त्यांना दिसली. ही बाई किराणा उधारीवर आणी, दागिना गहाण टाकी आणि व्याजातच बुडून जाई. १९७५ साली अवघ्या चौदा जणींना घेऊन प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही या स्त्रियांना बंद असलेली बँकेची दारे सामूहिक हमीच्या बळावर उघडली. प्रशिक्षण, निवारा, मुलींचे शिक्षण ही कामे त्यानंतरची. आधी संघटन, मग उपदेश, हा तो क्रम होय. २०२४ साली त्या निवर्तल्या. पण हा क्रम जुना झालेला नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव उजाड होत गेले. कापडाचे काम भिवंडीच्या मागांवर आले; गिरणी कामगारांनी झगडून मिळविलेले हक्क मात्र त्याच्याबरोबर आले नाहीत. त्या उणिवेची किंमत आजची तरुणी मोजते आहे. जिच्या हाती नेमणुकीचे पत्र नाही, तिला मुलाखतीचे धडे देऊन काय साधणार? २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा काही भाग समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले. परंतु मालकाच्या पैशातून चालणारा वर्ग मुलीला धीट बोलायला शिकवील. मालकासमोर बोलायला शिकवील काय? आणि संघटनेवाचून मिळालेले कर्ज हे सावकारीचेच नवे रूप ठरते.

तथापि दोष केवळ संस्थांना देऊन भागणार नाही. असल्या कामाला मलमपट्टी म्हणून हिणवणारे कार्यकर्ते आपल्याकडेही आहेत. वस्तुतः कामगार संघटना मजुरीच्या दारात थांबली आणि स्वयंपाकघरात, पाळणाघरात शिरली नाही, म्हणूनच ती जागा इतरांनी घेतली.

भिवंडीत काम कोठून सुरू करावयाचे, हे स्पष्ट आहे. कांडी भरणाऱ्या स्त्रियांची मोहल्ल्यावार नोंद करावी. गोदामातील मुलींसाठी नेमणूकपत्र, राज्य विमा आणि रात्रपाळीला सुरक्षित वाहन मागावे. पाळणाघरासाठी महानगरपालिकेकडे धरणे धरावे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींचे घाव सोसलेल्या या गावात हिंदू व मुसलमान मुलींची नावे एका यादीत येणे, हेही लहान काम नव्हे. त्या यादीतूनच उद्याच्या मार्गदर्शक घडतील, आणि त्या बाहेरून आणाव्या लागणार नाहीत.