भरवसा देवावर, नजर बावट्यावर



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची बंदी. घरात सुकी मासळी, डोक्यावर इंजिनाचा हप्ता. मग १ ऑगस्ट उजाडतो आणि नेमका तीन नंबरचा बावटा लागतो. अशा वेळी जेटीवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "देव आहे ना, काय होत नाही. सोड होडी."

मीही देव मानतो. गाऱ्हाणे घातल्याशिवाय आमची होडी पाण्यात जात नाही. आमचे ख्रिस्ती भाऊ २९ जूनला सांगोड करतात, सेंट पीटरही मासेमारच होता. पण वरच्या वाक्याला मी भरवसा म्हणणार नाही. ती देवाची परीक्षा घेणे झाले.

२०१९ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळ आले. माझा थोरला भाऊ इशारा ऐकून अर्ध्या वाटेवरून परतला. डिझेल, बर्फ सगळे फुकट गेले. आई म्हणाली, देवाने आणला. भाऊ म्हणाला, रेडिओने आणला. मला विचाराल तर दोघांचेही खरे. इशारा ऐकून होडी वळवायची बुद्धी झाली, तीच देवाची कृपा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही की कोणीतरी कुजबुजतो, "काहीतरी चुकले असेल देवाचे." कृपा करून असे बोलू नका. २०१७ च्या ओखीत केरळ-तमिळनाडूचे शेकडो मासेमार गेले. त्यातले बरेच जण इशारा पोचण्याआधीच खोल पाण्यात होते. त्यांची श्रद्धा काय कमी होती? त्यांच्या घरच्यांनी नंतरही प्रार्थना सोडली नाही. सगळे करूनही जे आपल्या हातात राहत नाही, तिथे भरवसा लागतो.

आणि रिकाम्या डब्याच्या घरात जाऊन "देवावर विश्वास ठेव" एवढेच सांगणे फार सोपे आहे. म्हणून यंदाच्या सभेत मी एक विषय मांडणार आहे. बावटा असताना जो सभासद होडी बांधून ठेवील, त्याचा संस्थेचा हप्ता तेवढे दिवस पुढे ढकलावा, दंड लावू नये. हप्त्याच्या भीतीने कोणी वादळात जाऊ नये. काहींना हे पटणार नाही, संस्थेचे पैसे अडकतील म्हणतील. अडकू देत. पैसे उशिरा का होईना, येतात.

तोवर एवढे करा. मत्स्यसंपदा योजनेतल्या अपघात विम्यात नाव आहे का बघा. मृत्यू झाल्यास ५ लाख मिळतात आणि प्रीमियम सरकार भरते. लाइफ जॅकेट फळीखाली ठेवू नका, अंगात घाला. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर प्रत्येक खलाशाला पाठ हवा.

मग नारळ ठेवा, हात जोडा, आणि निर्धास्त जा.

आपला,
सचिव