वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: आधी आजार बघा, मग काटा

"डॉक्टर, मला ते वजनाचं ऑपरेशन चालेल का?" हा प्रश्न हल्ली वरचेवर ऐकू येतो. गंमत अशी की ज्यांना त्याची गरज नसते तेच तो हौसेने विचारतात. मुलाच्या लग्नाआधी दहा किलो कमी करायचे असतात, बस. उलट ज्यांना स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबावं लागतं, इन्सुलिन घेऊनही ज्यांची शुगर आटोक्यात नाही, झोपेत श्वास अडकतो म्हणून ज्यांच्या घरचे रात्रभर जागे असतात, ते गप्प बसतात. त्यांना वाटतं, दोष आपलाच. खाण्यावर ताबा नाही, त्याला डॉक्टर काय करणार?

खरं सांगतो, अनेक वर्षं मीही अशा रुग्णांना "चाला, भात-साखर कमी करा" एवढंच सांगून पाठवत होतो. सल्ला चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. वजन बरंच उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं. म्हणून दहापैकी आठ किलो पुन्हा चढले, तर त्यात फक्त मनाचा कच्चेपणा नसतो.

आकडा किती हवा?

किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ८६ किलो असेल, तर बीएमआय ३३.६ येतो. भारतीयांमध्ये त्याच बीएमआयला पोटाभोवतीची चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो. त्यामुळे आपल्याकडचे निकष पाश्चात्त्यांपेक्षा खालचे आहेत. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनुसार बीएमआय ३७.५ च्या वर असेल, किंवा ३२.५ च्या वर असून सोबत मधुमेह, रक्तदाब, स्लीप ॲप्निया असा आजार असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे आकडे आणखी खाली आणले. आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनही विचार व्हावा, असं त्यांचं मत आहे.

आता विम्याचा कागद काढा. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं: वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर आजार, आणि आधीचे इतर उपाय निष्फळ. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ३३.६ बीएमआयच्या मधुमेही बाईंना वैद्यकशास्त्र "विचार करा" म्हणतं आणि पॉलिसी "थांबा" म्हणते. मग काहीजण म्हणतात, "डॉक्टर, अजून चार किलो वाढवू का?" कृपया असं करू नका. मधुमेह जितका नवा, तितकी शस्त्रक्रियेनंतर तो मागे हटण्याची शक्यता जास्त. थांबण्यात नुकसान तुमचंच आहे. माझ्या मते पॉलिसीतला हा आकडा भारतीय शरीराला धरून बदलायला हवा.

आकडा जुळला म्हणजे झालं का?

नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी मुंबईत सैफी हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. वजन सुमारे ५०० किलो सांगितलं जात होतं. रोज टीव्हीवर किती किलो उतरले याचाच हिशेब चालू होता. त्यांच्या तपासणीत भुकेवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेतला जनुकीय दोष आढळला होता आणि त्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, वजन खूप उतरलं. पुढचे उपचार अबू धाबीत सुरू असताना सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचं उदाहरण टोकाचं आहे. त्यावरून कुणी घाबरू नये, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: काटा खाली येणं आणि माणूस बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून होकार देण्याआधी मी हे विचारतो:

- थायरॉइड, कुशिंग यांसारखा आजार किंवा स्टेरॉइडसारखं औषध वजनामागे आहे का? असेल तर आधी त्याचा बंदोबस्त.
- नैराश्य आहे का? ताण आला की खाणं हाताबाहेर जातं का? दारूचं व्यसन? यांवर उपचार झाल्याशिवाय शस्त्रक्रिया नको.
- छातीत जळजळ, आंबट पाणी येतं का? स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात. त्यानंतर हा त्रास वाढू शकतो. अशांना बायपास बरा पडतो.
- मूल हवं आहे का? शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते.
- बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घेणार का? दरवर्षी रक्त तपासणार का? शाकाहारी असाल, तर पुरेशी प्रथिनं कशातून येणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शस्त्रक्रिया तास-दोन तासांची, पण पथ्य जन्माचं. घरी रोज कोण काय रांधतं, "एवढंसंच खाल्लंस?" म्हणून आग्रह कोण करतं, हेही मला कळायला हवं. म्हणून येताना घरच्यांना सोबत आणा.

२०२५ पासून मौंजारो, वेगोव्हीसारखी इंजेक्शनं आपल्याकडे मिळू लागली आहेत. मधल्या बीएमआयच्या अनेकांसाठी तो चांगला पर्याय आहे. मात्र ती बंद केली की वजन बहुधा परत येतं, आणि महिन्याचा खर्च सर्वांना झेपत नाही.

शस्त्रक्रियेला "शॉर्टकट" म्हणून हिणवणं मला पटत नाही, तसंच तिची "फक्त काही किलोंत नवं आयुष्य" अशी जाहिरातही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. योग्य माणसासाठी हा आजारावरचा उपचार आहे. तो योग्य माणूस तुम्ही आहात का, हे शिबिरात काट्यावर उभं राहून ठरत नाही. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जुने रिपोर्ट, औषधांची यादी आणि पॉलिसीचा कागद घेऊन जा, आणि संकोच न करता विचारा. त्यांनी "चाला" एवढंच सांगितलं, तर पुन्हा एकदा विचारा.