३१ मेपर्यंत : पनवेलच्या लेबर कॅम्पवाल्यांना जाहीर इशारा

पनवेल, करंजाडे, खारघर, तळोजा, उलवे या पट्ट्यात ज्यांची बांधकामं चालू आहेत, त्या सर्व बिल्डरांना, ठेकेदारांना आणि मुकादमांना हा जाहीर इशारा आहे. तुमच्या साइटच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची जी वस्ती उभी आहे, तिची आरोग्य तपासणी ३१ मेपर्यंत करून घ्या. तपासणीचा तारीख घातलेला, सही-शिक्क्याचा कागद कॅम्पच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लावा. १ जूनला ज्या दारावर तो कागद नसेल, त्या साइटविरुद्ध आम्ही तक्रारी दाखल करू. मुदतवाढ मागायला कोणी येऊ नये.

आमच्यात दवाखाना चालवणारे डॉक्टर आहेत, आजूबाजूच्या सोसायट्यांतले रहिवासी आहेत आणि त्या पत्र्याखाली राहणारे कामगारही आहेत. कामगारांची नावं आम्ही कुणालाही देणार नाही. नाव कळलं की दुसऱ्या दिवशी हजेरी बंद होते, हे आम्हाला ठाऊक आहे.

वडापावची गाडी लावायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. इमारतीच्या मंजुरीसाठी पार्किंगच्या जागा मोजल्या जातात, अग्निशमनाचा दाखला मागितला जातो. आणि ती इमारत बांधणारी शे-दोनशे माणसं जिथे दोन-तीन वर्षं झोपतात, रांधतात, लेकरं वाढवतात, त्या जागेचा कागद मागायला कोणी जात नाही. हे यापुढे चालणार नाही.

कायदा नाही, असं कोणी सांगू नये. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यात राहण्याची तात्पुरती जागा मालकाने फुकट द्यायची, तिच्यात स्वयंपाकाची, अंघोळीची, धुण्याची आणि संडासाची वेगळी सोय करायची, असं स्पष्ट लिहिलं होतं. पिण्याच्या पाण्याची जागा संडास, मुतारी किंवा धुण्याच्या जागेपासून सहा मीटरच्या आत नको, हेही त्यातच होतं. कंत्राटी कामगारांच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांनी दर २५ बायकांमागे किमान एक संडास ठरवून दिला. आता नव्या श्रमसंहिता आल्या म्हणून सुटका झाली, असं समजू नका. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं देणं २०२० च्या संहितेतही मालकाच्याच माथी आहे. सहा मीटर म्हणजे किती, ते आपल्या कॅम्पमध्ये टेप लावून एकदा मोजा. टँकरचं पाणी ज्या ड्रममध्ये उतरतं, त्याच्या शेजारीच संडासाचा खड्डा भरून वाहतो आणि त्याच ड्रममधून हंडा भरला जातो, असे कॅम्प आम्ही पाहिले आहेत. पावसाचं पाणी त्या खड्ड्यात शिरलं की गॅस्ट्रो, कावीळ आणि टायफॉईड यांची वाट पाहावी लागत नाही.

मलेरियाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण इथे दोष थेट बांधकामाच्या पद्धतीत आहे. शहरातला मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास गटारात वाढत नाही, त्याला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला, तेव्हा त्या डासाचं घर विहिरींत सापडलं होतं. आज त्याला तुम्ही घर देता : लिफ्टच्या खड्ड्यात, तळघरात, क्युरिंगसाठी स्लॅबवर बांध घालून साठवलेल्या पाण्यात, झाकण नसलेल्या टाक्यांत. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा पाणी उपसलं, टाकी कोरडी करून घासली, तर एकही डास बाहेर पडत नाही. यासाठी एक पंप आणि एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी लागते. तेवढं करायचं नाही आणि कामगार तापाने पडला की त्याची हजेरी कापायची, हा प्रकार आम्ही गुन्हाच मानतो.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. व्हायव्हॅक्स मलेरियाचा जंतू यकृतात दडून राहतो, म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, मुकादम टोळी उचलून दुसऱ्या साइटवर नेतो, आणि गोळ्या अर्ध्यावर राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच माणूस पुन्हा आजारी पडतो आणि नव्या साइटवरचे डास त्याच्याकडून रोग घेऊन शेजारच्या इमारतींत जातात. उंच कुंपण घातलेल्या सोसायट्यांनी हे ध्यानात ठेवावं. चालू उपचारातल्या कामगाराला हलवायचं असेल तर त्याचा कागद आणि उरलेल्या गोळ्या त्याच्या हातात दिल्याशिवाय हलवू नका.

मैल्याचे टँकर रात्री गाढी, कासाडी या नद्यांत किंवा नाल्यात रिकामे होतात. ज्यांच्या साइटवरून टँकर भरतो, त्यांनी तो कुठे रिकामा झाला याची पावती ठेवावी. आणि सुरक्षासाधनांशिवाय सेप्टिक टँक साफ करायला माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे; पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, २९ गावं तिच्यात आली. हद्दीत महापालिका, बाहेर सिडको आणि ग्रामपंचायत, कामगारांचा विषय निघाला की कामगार खातं. तक्रार या टेबलांवर फिरत राहते. म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाला, सिडकोला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आमचं सांगणं आहे : आपापल्या हद्दीतल्या कॅम्पची यादी १५ मेपर्यंत जाहीर करा. बांधकामखर्चाचा एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच वसूल होतो. पैसा नाही हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.

१ जूनपासून आम्ही काय करणार, तेही आत्ताच सांगतो. कागद नसलेल्या प्रत्येक कॅम्पचे तारखेसह फोटो काढले जातील. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश मिळावा म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जाईल. जिथे रोगी सापडूनही पाणी उपसलेलं नसेल, तिथे भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली पोलिसांत तक्रार होईल. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात मागितले जातील आणि त्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांना त्यांच्या प्रती दिल्या जातील.

एक पळवाट आधीच बंद करतो. तपासणी टाळण्यासाठी रातोरात पत्रे उचलून, बायका-मुलांसकट कामगारांना रस्त्यावर काढलंत, तर तोही पुरावा धरला जाईल, आणि त्या साइटची तक्रार ३१ मेची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी दाखल होईल.